व्हारीच्या गुहेतला झपाटलेला पाथरवट

अथेन्सला येणारा प्रत्येक पाहुणा आधी अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी गाठतो. गाठावंच. पण झ्यूस आणि अथेना ही थोरामोठ्यांची, सरकारी दैवतं. मेंढपाळाची, लग्न ठरलेल्या पोरीची भिस्त होती ती निम्फांवर, म्हणजे झरे-डोंगर-झाडांत राहणाऱ्या देवतांवर. झऱ्यात नायड, डोंगरात ओरिअ‍ॅड, झाडात ड्रायड. आपल्याकडे पाणवठ्यावर शेंदूर लावलेले साती आसरांचे दगड असतात ना, त्याच गोतातल्या म्हणा. मात्र या सगळ्याच काही अमर नव्हेत. होमरच्या नावावर असलेल्या अ‍ॅफ्रोडायटीच्या स्तोत्रात म्हटलंय, की काही निम्फ झाडासोबत जन्मतात आणि झाड वठलं की त्यांचाही प्राण जातो.

माझ्याकडे कुणी सवडीने आलं, तर मी व्हारीच्या गुहेचं नाव काढते. शहराच्या दक्षिणेला, इमितोस डोंगराच्या टोकाशी ही गुहा आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात थेराहून, म्हणजे आजच्या सँतोरिनीहून, आर्खेदामोस नावाचा पाथरवट इकडे आला आणि निम्फांच्या नादी लागला. ‘निम्फांनी झपाटलेला’ असं त्याने स्वतःच खडकात कोरून ठेवलंय. त्यांच्याच सांगण्यावरून त्याने ही गुहा घडवली, बाहेर त्यांच्यासाठी बाग लावली. आत त्याने स्वतःलाही कोरलंय: आखूड अंगरखा, हातात हत्यार आणि गुण्या. शिल्प तसं ओबडधोबडच. अ‍ॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिराच्या कारागिरांनी नाक मुरडलं असतं. मला मात्र तिथल्या गुळगुळीत देवांपेक्षा हा गडी जवळचा वाटतो.

त्याहून मजेशीर आहे तिथली सूचना: आतडी बाहेर नेऊन धुवा, शेण साफ करा. बळी द्यायला येणारी मंडळी किती घाण करत असतील, याची कल्पना या एका ओळीतून येते!

१९०१ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा निम्फांची संगमरवरी शिल्पं फुटक्या अवस्थेत सापडली. शिवाय दिव्यांचा मोठा साठा, तो बराच नंतरच्या काळातला. तान्ह्या प्लेटोला आईवडील इमितोसवर निम्फांच्या पूजेला घेऊन गेले आणि मधमाश्यांनी त्याच्या तोंडात मध भरला, अशी जुनी आख्यायिका आहे. ती याच गुहेला चिकटवतात. चिकटवोत बापडे.

समुद्रातल्या निम्फांचं, म्हणजे नेरीडांचं, नाव आजच्या ग्रीक लोककथांतही टिकून आहे. तिथल्या नेराइदा भर दुपारी पाण्याकाठी नाचतात. एखादीची ओढणी लपवली तर ती तुमच्याशी लग्न करते. ओढणी हाती लागली, की भरला संसार टाकून चालती होते.

गुहेतली उतरण अवघड आहे. गुडघे कुरकुरत असतील, तर अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात शिरल्याबरोबर लागणाऱ्या दालनात थांबा. टेकडीच्या दक्षिण उतारावर निम्फे नावाच्या, लग्न राखणाऱ्या देवीचं उघड्यावरचं ठाणं होतं. लग्नाच्या न्हाणासाठी ज्यातून पाणी आणत, ती उंच मानेची मातीची भांडी तिला वाहत. त्यांतली बरीच इथे मांडली आहेत, आणि काहींवर लग्नाची चित्रंही आहेत.