तुम्ही विचारलंत म्हणून: कमजोर हृदयाला रक्त ढकलायला मदत करणाऱ्या पंपावरच्या (एलव्हीएडी) रुग्णाला हृदय प्रत्यारोपण जड का जातं?

"पंप बसवल्यापासून हे चालतात, जेवतात, जिना चढतात. मग हृदय बदलायची वेळ आली की यांनाच धोका जास्त, असं कसं?" हृदयशस्त्रक्रियेत मी भूल देते. रुग्णाच्या घरचे हा प्रश्न मला हमखास विचारतात.

पंप बसवताना छातीचं हाड एकदा कापलेलं असतं. दुसऱ्यांदा उघडताना आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, आणि पंपातून महाधमनीकडे जाणारी नळी कधीकधी हाडाला अगदी खेटून असते. करवत तिच्यावर पडली तर अनर्थ. म्हणून सर्जन सीटी स्कॅन समोर ठेवून सावकाश पुढे सरकतात. त्यात रुग्ण वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर असतो, शिवाय फिरत्या पंपात रक्त गोठायला मदत करणारं व्हॉन विलेब्रँड प्रथिन तुटत राहतं. त्यामुळे रक्तस्राव लवकर आवरत नाही. आणि दात्याचं हृदय तर वाट बघू शकत नाही. थंड डब्यात ठेवलं तर साधारण 4 तासांच्या आत ते पुन्हा रक्ताला जोडलेलं बरं.

मला सर्वात जास्त धास्ती असते ती त्यानंतरच्या तासाची. नवं हृदय जोमाने धडधडतंय, तरीही रक्तदाब वर येत नाही. रक्तवाहिन्याच सैल पडलेल्या असतात. मग त्या आवळणारी औषधं: नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, व्हॅसोप्रेसिन, तरीही भागलं नाही तर मिथिलीन ब्लू. ते दिल्यावर बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा खोटाच घसरतो, पण माहीत असूनही छातीत धस्स होतं. पंपावरच्या रुग्णांत हा प्रकार जास्त दिसतो.

काही वेळा नवं हृदयच पहिल्या 24 तासांत नीट काम करत नाही. रुग्णाचं वय, मधुमेह, फुप्फुसांतला वाढलेला दाब, आधी घेतलेलं अमिओडॅरोन (ठोके नियमित ठेवणारं औषध), दात्याचं वय यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. नव्या हृदयाचा उजवा कप्पा आधी दमतो, कारण तो रुग्णाच्या फुप्फुसांतल्या दाबाला सरावलेला नसतो.

पण पंपाला दोष देऊन थांबू नका. पुष्कळांमध्ये त्याच्यामुळे फुप्फुसांतला दाब उतरतो, मूत्रपिंडं सावरतात, अंगात ताकद येते. तसा सावरलेला रुग्ण ऑपरेशनला आला तर आमचं काम सोपं होतं. माझ्या मते पंप किती महिने होता यापेक्षा त्या काळात काय काय झालं, हे महत्त्वाचं. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन चढलेलं राहिलं का? किती वेळा रक्त चढवावं लागलं? परक्या रक्ताने, आणि पंपानेही, शरीरात अँटिबॉडी तयार होतात; मग जुळणारा दाता मिळणं अवघड होतं आणि पुढे नवं हृदय नाकारलं जाण्याची भीतीही वाढते.

आणि ड्राइव्हलाइन, म्हणजे पंपाला वीज पुरवणारी वायर. पोटावर वायर बाहेर येते तिथली लाली, ओल, किंचित दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. प्रत्यारोपणानंतर आम्ही प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतो, आणि तेव्हा तिथला जंतुसंसर्ग आवरणं फार कठीण जातं.