खळगे भरा

दुपारी जेवणानंतर डोळ्यांवर झापड आली की मी डोकं न लागणारी कामं काढतो. नव्या पाणलोटाचा उंचीचा नकाशा साफ करणं हे त्यातलंच एक. नकाशा म्हणजे तीस-तीस मीटरच्या चौकटींचं जाळं, आणि प्रत्येक चौकटीत तिथल्या जमिनीच्या उंचीचा एक आकडा. सगळ्यात आधी दाबायचं बटण म्हणजे ‘खळगे भरा’. वर्षानुवर्षं दाबत आलोय. परवा दाबलं आणि पडद्यावरचा एक निळा ठिपका विझला. सहज बघितलं, तर ते तळं होतं. ते बुजू नये म्हणून आमची संस्था धडपडतेय, आणि मला पगारही त्याचाच देते.

बटणाचा दोष नाही. साचलेलं पाणी संगणकाला झेपत नाही. १९८४पासून चालत आलेली साधी रीत अशी, की चौकटीतलं पाणी शेजारच्या आठ चौकटींपैकी सगळ्यात जास्त उतार असेल तिकडे ढकलायचं. आठही शेजारी उंच निघाले की पाणी तिथंच अडतं आणि खालची नदी कागदावर कोरडी पडते. म्हणून खळगा काठोकाठ भरायचा, तोही पाण्यानं नाही, जमिनीनं! आता हेही खरं, की बहुतेक खळगे खोटेच असतात. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवसांत पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन रडारनं मोजली. असले नकाशे बऱ्याचदा त्याच मोजणीवरून बनतात. पण दाट झाडीत रडार जमिनीपर्यंत पोचत नाही. अरुंद ओढ्यावर झाडं दाटली की नकाशात तिथं बंधारा उभा राहतो, आणि त्यामागे कधीच नसलेलं तळं.

लहानपणी अंगणात पहिली सर आली की थेंब लगेच मुरायचे नाहीत. धुळीचा पातळ लेप अंगावर घेऊन करड्या मण्यांसारखे घरंगळत राहायचे. मी उकिडवा बसून काडीनं एखादा फोडायचो. आत स्वच्छ पाणी, आणि खालची माती कोरडी ठाक. (फार वाळलेली माती पाण्याला आधी झिडकारते, हे पुढे शिकलो. तेव्हा नुसती गंमत होती.) मग पाऊस धरला की डबकी व्हायची. डबकं भरेपर्यंत काहीच घडायचं नाही. भरत आलं की एका कडेला पाणी फुगायचं, काठाच्याही वर चढून थरथरत राहायचं, आणि अचानक त्यातून एक बारीक धार सुटून पुढच्या डबक्यात शिरायची. ते होईपर्यंत मी भिजत बसायचो. धाकट्या भावाला एवढा धीर नव्हता. तो टाचेनं चर काढून मोकळा व्हायचा. हल्ली वाटतं, ते बटण त्यानंच लिहिलं असावं.

तशी हिशेबात डबक्यांना जागा आहे. अमेरिकेच्या मृदसंधारण खात्यानं १९५०च्या दशकात शेतांवरच्या नोंदींवरून बसवलेली कर्व्ह नंबरची पद्धत आम्ही अजून वापरतो. पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून जाईल ते जमिनीच्या नंबरावरून काढायचं; नंबर मोठा तितकं वाहणारं पाणी जास्त. डांबर-काँक्रीटला ९८ नंबर, भरपूर निचऱ्याच्या जमिनीवरच्या चांगल्या जंगलाला ३०. पानांवर अडकलेलं, डबक्यात साचलेलं, सुरुवातीलाच मुरलेलं सगळं पाणी मिळून जमिनीच्या साठवणीच्या ०.२ पट धरायचं आणि पावसातून वजा करायचं. पुढे बऱ्याच ठिकाणच्या नोंदींशी ०.०५ जास्त जुळतो असं निघालं. जुळो बापडा. तळ्याला काय त्याचं!

उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांत, हिमनद्या मागे हटताना लाखो खळगे सोडून गेल्या. त्यातल्या कितीतरी खळग्यांचं पाणी एरवी नदीला मिळतच नाही. एखादं वर्ष ओलं निघालं तर एक भरून दुसऱ्यात, दुसरा भरून तिसऱ्यात, असं करत ते पुढे सरकतं. बदकं तिथं घरटी करतात ती याच अडून राहिलेल्या पाण्याच्या भरवशावर. तिथं डोळे मिटून बटण दाबलं तर सगळा प्रदेश गुळगुळीत होतो आणि कागदावर नदीला भलताच पूर येतो.

आमच्याकडे बेडकांवर काम करणारी एक सहकारी आहे. तिला विचारलं, तुझ्या बेडकांना डबकं किती खोल लागतं? तिनं टेबलावर वीत ठेवून दाखवली. ‘आणि उन्हात ते आटलं पाहिजे बरं का,’ ती म्हणाली, ‘बारमाही झालं की मासे येतात, पिल्लं खाऊन टाकतात.’

वीतभर! माझ्या नकाशातल्या उंचीची चूकच मुळात काही मीटरची. म्हणजे तिची डबकी बुजवायलासुद्धा माझ्याकडे नाहीत.

मग तिनं जागांची यादी पाठवली. आता ती एकेक करून हातानं घालत बसलोय: इथं खळगा आहे, भरू नये. मॉडेलनं, म्हणजे संगणकावरच्या या हिशेबानं, सांगितलेलं नदीचं पाणी आणि नदीवरची खरी मोजणी किती जुळतात, याला आम्ही नॅश-सटक्लिफचे गुण देतो. एक म्हणजे तंतोतंत. शून्य म्हणजे रोज डोळे झाकून सरासरी सांगितली असती तरी तेवढंच बरोबर आलं असतं. डबकी घातल्यापासून आमचे गुण थोडे उतरलेत. बैठकीत कोणीतरी विचारणारच. विचारू दे. अजून अर्धी यादी बाकी आहे.