ऊस डोंगा का झाला

फलटण सोडलं तेव्हा उजव्या टाचेवरचा फोड सुपारीएवढा होता. दुपारपर्यंत चवड्याखाली दुसरा उठला आणि पाऊल टेकलं की डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. आमची दिंडी पुढं गेली. पखवाज ऐकू येत होता, पण प्रत्येक वळणाला थोडा कमी. मागून येणाऱ्या एका बुवांचा पाय दोनदा माझ्या चपलेवर पडला. दोन्ही वेळा त्यांनी "माउली" म्हणून हात जोडले, आणि मला त्या माउली म्हणण्याचाही राग आला.

त्याआधीचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. दिवे घाटात पाऊस होता की ऊन, आता सांगता येत नाही. जेजुरीत भंडारा कपाळाला लागला, नीरेत पादुकांचं स्नान झालं, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. अश्वाच्या टापांखालची माती मीही उचलली. पण आठवण म्हणून जी वर येते ती बरडच्या वाटेवरची एक दुपार.

उसाच्या बांधावर एक मावशी बसल्या होत्या. तुळशीवृंदावन शेजारी ठेवलेलं, पाय लांब केलेले. मी त्यांना ओळखलं. लोणंदला पाण्याच्या टँकरवर रांग मोडून हंडा पुढं घालणाऱ्या याच. तिथं मी त्यांना बरंच बोलले होते, आणि तेव्हापासून त्या दिसल्या की मी रस्त्याची दुसरी कड धरायची. त्या दिवशी दुसऱ्या कडेपर्यंत जाण्याचं बळ नव्हतं. आमच्या दिंडीतली कॉलेजातली एक मुलगी माझी पिशवी घेऊन बरोबर मागं थांबली होती. तिनंच मला बांधावर बसवलं.

"दाव पाय," मावशी म्हणाल्या.

मी नको म्हणेपर्यंत पाय त्यांच्या मांडीवर होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी बाई, आणि माझा चिखलानं भरलेला पाय तिच्या लुगड्यावर. मला फार संकोच वाटला. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक जाळावर धरलं, पांढरा दोरा ओवला. फोडाच्या एका कडेनं सुई घालून दुसऱ्या कडेनं काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब उतरायला लागलं. "कातडं सोलू नगंस. दोरा ऱ्हाऊ दे, त्येचा त्यो पडंल."

रस्त्यावरून दुसरी दिंडी चालली होती. चाल संथ, टाळ एका लयीत. चोखोबांचा अभंग लागला होता: ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा. मुलीनं विचारलं, "बाई, डोंगा म्हणजे?"

मी २८ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. यंदा मेअखेर निवृत्त झाले. हा अभंग मी किती वर्गांना समजावून सांगितला असेल याची मोजदाद नाही. पाय परक्या बाईच्या मांडीवर असतानाही उत्तर आपोआप आलं. डोंगा म्हणजे वाकडा. ऊस वरून वाकडा दिसला तरी आतला रस वाकडा नसतो. म्हणून बाहेरच्या रूपाला भुलू नये, अंतरंग पाहावं. मुलीनं मान हलवली. वर्गातली मुलंही अशीच मान हलवायची आणि वहीत उतरवून घ्यायची.

मावशींनी दुसऱ्या फोडात सुई घातली आणि वर न बघता म्हणाल्या, "डोंगा कशानं झाला ते सांग की पोरीला."

मला सांगता येईना. २८ वर्षांत एकाही मुलानं हे विचारलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी हनुवटीनंच मागचं शेत दाखवलं. वळवाच्या वाऱ्यानं अर्धा ऊस लोळला होता. "त्यो बघ. वारं सुटलं का आडवा हुतो. पर पडल्याव तसाच ऱ्हात न्हाई. शेंडा वर उचलतो. जिथनं उचलला तिथं बाक पडतो. पडला नसता तर सरळ असता, आन उठला नसता तरीबी सरळच असता, भुईला."

मग कितीतरी वेळ त्या बोलत राहिल्या. वीस वर्षं नवऱ्यासोबत फडावर ऊस तोडला. डोंग्या उसाची मोळी नीट बसत नाही, कोयता आडवातिडवा लागतो, वेळ जातो, मुकादम ओरडतो. "आमी लई शिव्या घातल्या डोंग्या उसाला. पर चघळायला घ्यायचा तर त्योच घ्यायचो."

मी वळून बसले आणि एक ऊस बुडापासून डोळ्यांनी वर नेला. जमिनीलगत तो खरंच झोपला होता. चार-पाच कांड्यांनंतर हळूहळू वर वळत गेला होता, आणि त्याचा शेंडा उभ्या उसाइतकाच आभाळाकडं होता. मी उसाच्या भागातच वाढले आहे. लोळलेला ऊस आयुष्यभर पाहिला आहे.

मी लावायचे त्या अर्थात एक औदार्य होतं, आणि मला ते आवडायचं. तू वाकडा असलास तरी मी तिकडं दुर्लक्ष करते, असं ते औदार्य. मावशी दुर्लक्ष करत नव्हत्या. त्या बाकावरच बोट ठेवत होत्या. मन मोठं ठेवा, मन मोकळं ठेवा, असं मी वर्गात पुष्कळ सांगितलं, पण समोरच्याचा बाक जिथं पडला तिथं जाऊन बघणं मी त्यात कधी धरलंच नव्हतं.

पुढं चालताना एकेक चरण उलगडायला लागला. कमान डोंगी, परी तीर नोहे डोंगा. कमान दोरीच्या ताणानं वाकते. दोरी उतरवली की ती सैल होते. नदी डोंगी, परी जळ नोहे डोंगें. नदी कठीण खडक चुकवत मऊ माती शोधते, म्हणून वळते. प्रत्येक वाकण्याला कारण आहे. आणि मग शेवटचा चरण येतो, चोखा डोंगा. तिथं माझ्याच्यानं पुढं म्हणवेना. चोखोबांना वाकवलं कुणी, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्यांनी ते नाव घेतलं नाही, फक्त ऊस, कमान, नदी अशी उदाहरणं दिली. वर्गात मी चोखोबा संतकवी म्हणून एका तासाला शिकवायचे, आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं झालं, हे दुसऱ्या तासाला, दुसऱ्या धड्यात. दोन्ही तासांत पूल बांधला नाही. ती मुलं आता कुठं कुठं आहेत. काहींना स्वतःची मुलं आहेत. हा अर्थ त्यांच्यापर्यंत आता कसा पोचवू, या विचारानं त्या रात्री बरडच्या तंबूत मी रडले. शेजारचा जनरेटर रात्रभर धडधडत होता. त्याचाही राग आला.

आणि टँकरवरचं मी विसरले नाही. ती रांग मोडणं चूकच होतं, असं मला आजही वाटतं.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर. धाव्याला सगळे धावले, मी लंगडत गेले. मावशींची दिंडी वाखरीत एकदा लांबून दिसली.

चंद्रभागेत पाय बुडवले तेव्हा टाचेतला दोरा सुटून वाहून गेला. उभं राहून पाहिलं तर समोर नदी चंद्रकोरीसारखी वळलेली. तिला चंद्रभागा का म्हणतात हे मी दरवर्षी मुलांना सांगायचे. वळण असं समोर ठेवून अभंग मात्र कधी म्हटला नव्हता. आता म्हटला. मुलीनं माझ्यामागून धरला.

दर्शनाची बारी इतकी लांब होती की पायांनी नाहीच म्हटलं. कळसाला हात जोडले आणि गर्दीतून वाट काढत महाद्वारापाशी आलो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला भिंत कोसळली, तेव्हा नामदेवांनी कान लावून लावून ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू येत होता ती वेचून आणली, ही कथा मुलीला माहीत होती. मी टेकवायला कपाळ खाली नेलं तोच मागून कुणाचा तरी धक्का बसला आणि कपाळ दगडावर जोरात लागलं. मी चिडून वळले. मागं एक म्हातारे बाबा होते, त्यांनाही मागून कुणी ढकललं होतं.

मुलीनं विचारलं, "बाई, ते इथूनच परत फिरायचे?"

मी हो म्हटलं. मग आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो आणि चोखोबांना दारातून आत किती दिसत असेल ते वाकून बघत राहिलो.