ढोलाने गिळलेला ‘आ’

मागच्या नवरात्राच्या आधी वणीच्या देवीचं एक गाणं माझ्याकडे मास्टरिंगला, म्हणजे बाहेर पडण्याआधी त्याचा आवाज शेवटचा नीट करायला आलं. गाणारी ताई दिंडोरीकडची. आवाज मोकळा, या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. मागे खराखुरा नाशिक ढोल आणि ताशा, सॅम्पल (आधी रेकॉर्ड केलेले तयार ठोके) नव्हेत. कॉलेजात असताना मी दोन वर्षं पथकात ताशा बडवलाय, त्यामुळे फाइल लावल्या लावल्या हात शिवशिवले. साधंसं मास्टर करून पाठवलं.

दोन दिवसांनी ताईंच्या भावाचा फोन. “दादा, गाणं भारी झालंय, पण पेनड्राइव्हवर दुसऱ्या गाण्यानंतर लागलं की बारीक वाटतं. जरा चढवा ना.”

चढवलं. लिमिटर आवाजाचे माथे ठरल्या मर्यादेवर दाबतो; त्याचा गेन, म्हणजे आत जाणारा जोर, वाढवत गेलो, मीटर उणे ८ एलयूएफएसला टेकला (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा), वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) विटेसारखी चौकोनी झाली. रात्री दीडला फाइल पाठवून झोपलो. सकाळी तीच लावून चहा घेत होतो, तर आतून आई म्हणाली, “ही बाई ‘ई, ई’ काय करते रे?”

ध्रुवपदाचा पहिला शब्द ‘आई’. तो नेमका समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर), आणि समेवर सगळे ढोल एकदम पडतात. लिमिटरला ढोल वेगळा आणि बाई वेगळी असं काही कळत नाही. ढोलाचा माथा दाबायला गेला की त्याच्याबरोबर ताईंचा गळाही दाबला जातो. लिमिटर हात काढून घेईपर्यंत ‘आ’ संपलेला असायचा, उरायची ती ‘ई’. रात्रभर मला ते ऐकूच आलं नव्हतं, कारण मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. आता मी गेन जेवढा वाढवतो तेवढाच आउटपुट खाली घेऊन मग तुलना करतो. त्या दिवशी तसं केल्यावर आधीचं मास्टर कितीतरी उजवं निघालं.

मग वाटलं, लिमिटरचा रिलीज, म्हणजे दाबल्यावर सोडायला लागणारा वेळ, जलद केला की झालं. ५० वरून १० मिलिसेकंदांवर आणला. ‘आ’ थोडा परत आला, पण ढोल फाटक्या पडद्यासारखा फरफरायला लागला. हिशोब साधा आहे. ढोलासारख्या खालच्या, ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० लाटांच्या) आवाजाची एक लाट साधारण १७ मिलिसेकंदांची. रिलीज त्याहून लहान ठेवला तर लिमिटर एकाच लाटेच्या पोटात दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. लाटेचा आकारच बिघडतो आणि ती फरफर ऐकू येते. रिलीज लांबवला तर बाई दबते. म्हणजे सगळं ओझं एकट्या लिमिटरवर टाकणंच चूक होतं.

ढोलाची आणखी एक गंमत. एलयूएफएस आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) ज्या पद्धतीने मोजतात (२००६ची बीएस.१७७०), तिच्यात खालचे सूर कमी धरले जातात आणि वरचे जरा जास्त, साधारण आपल्या कानासारखेच. त्यामुळे ढोलाचा घुमारा पीकची (आवाजाच्या माथ्यांची) सगळी जागा खातो, पण मीटरवर त्याची म्हणावी तशी नोंद होत नाही. जागा त्याची, भाडं बाईच्या खिशातून.

पहिलं काम म्हणून मिक्स (मास्टरिंगआधीची, सगळे आवाज एकत्र केलेली फाइल) परत मागितलं. पाठवणाऱ्या स्टुडिओने मास्टर चॅनलवर आधीच एक लिमिटर लावून ठेवला होता. हे फार लोक करतात आणि विचारलं तर “हलकासाच आहे” म्हणतात. तो काढून घेतला आणि ढोल आणि ताशा वेगवेगळ्या फाइलमध्ये घेतले, २४ बिटमध्ये. ताशाच्या काड्यांचे कडाके सगळ्यांच्या वर सुळक्यासारखे निघाले होते. फक्त ताशावर क्लिपर (माथे सरळ कापून टाकणारा) लावून अडीच डीबी (डेसिबल) छाटले. कान देऊनही फरक कळला नाही, एवढे ते सुळके बारीक. ढोलाखालची ३० हर्ट्झच्या आतली घरघर कापली. समेवरचा ढोल दीड डीबी खाली घेतला, तोही फक्त ‘आई’च्या जागी.

मग सगळ्यावर एक कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज हलक्या हाताने दाबणारा. रेशो (दाबायचं प्रमाण) दीडास एक, दाब दाखवणारी सुई एक ते दीड डीबीच हलेल एवढाच थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी). अटॅक (पकडायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, म्हणजे टिपरूचा (ढोलाच्या काठीचा) ठोका सुटून जातो आणि पकड त्याच्या मागच्या आवाजावर बसते. गाणं मिनिटाला शंभर ठोक्यांचं, म्हणजे दोन ठोक्यांत ६०० मिलिसेकंद. पुढचा ठोका पडायच्या आत सुई शून्यावर आली पाहिजे, एवढं बघून रिलीज लावला. कॉम्प्रेसरच्या साइडचेनवर (जे ऐकून तो दाबायचं ठरवतो त्या वाटेवर) १०० हर्ट्झचा हायपास (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) लावला. त्याने आवाजातलं काही कापलं जात नाही, फक्त कॉम्प्रेसरच्या कानात बोळा बसतो आणि ढोल घुमला म्हणून तो उगाच दचकत नाही.

शेवटी लिमिटर, सीलिंग (वरची मर्यादा) उणे १ डीबी ट्रू पीक (लाटेचा खरा माथा धरून). आता त्याला समेवर जेमतेम दोन डीबी दाबावं लागत होतं. मीटर उणे ११ एलयूएफएस.

कोणी म्हणेल, उणे १४ का नाही? स्पॉटिफाय उणे १४ला आणतं, यूट्यूबही त्याच सुमाराला मोठी गाणी खाली ओढतं. बरोबर. माझं उणे ८चं मास्टर तिथे सहा डीबी खाली आलं असतं आणि चेचलेला ढोल तेवढा हाती राहिला असता. पण ताईंच्या भावाचं म्हणणंही खोटं नव्हतं. हे गाणं वाजणार जीपमध्ये, मंडपात, स्टॉलवर, पेनड्राइव्हवरून. तिथे पातळी सारखी करणारं कोणी नसतं. आकडा पाठ करण्यापेक्षा गाणं कुठे वाजणार ते विचारलेलं बरं. नवी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. ऑडिओ म्हणून पाठवलं आणि तिकडे दाबून पोचलं तर त्यावरून पुन्हा फोन.

नवरात्रात नाशिकच्या कालिका मंदिराच्या यात्रेला आईला घेऊन गेलो होतो. पाळण्यांजवळ एका खेळण्यांच्या स्टॉलवर तेच गाणं लागलं. स्टॉलवाल्याने बासचं बटण पार उजवीकडे पिळलेलं, पत्र्याचं छप्पर ढोलासोबत थरथरत होतं. सम आली. मी आईकडे बघितलं. ती भोवऱ्याची किंमत विचारत होती.