चोरून बघितलेली मालिका

आज पकडले गेले! सगळे झोपलेत असं समजून आवाज अगदी बारीक करून मालिका लावली होती. नायिकेच्या हातातून कप पडला. एकच कप, पण तीनदा पडला, तीन कोनांतून. वर ढगांचा गडगडाट. आणि मी उशी कवटाळून बघतेय. तेवढ्यात मागून लेक: "आई, बातम्या बघत होतीस ना?"

मी लगेच ज्ञान पाजळलं. १९३०च्या दशकात अमेरिकेत साबणाच्या कंपन्या रेडिओवरच्या मालिकांना पैसे पुरवायच्या, म्हणून 'सोप ऑपेरा' हे नाव, वगैरे. (अभ्यास म्हणून बघतेय, असा आव.) तो काही बोलला नाही. शेजारी बसला, पाच मिनिटं बघितलं आणि हळूच विचारलं, "हिची स्मृती कधी गेली?"

मंगळवारी, बाळा.