तुम्ही विचारलंत म्हणून: हरण्या, काकडी आणि मी

"ताई, एवढी केळीची बाग गेली, तरी तुम्ही हसतमुख कशा?" लग्नात, दहाव्याला, सावद्याच्या बाजारात, कुठेही भेटलं की लोक हेच विचारतात. एकदाच काय ते सांगून टाकते.

मुळात मी हसतमुख नव्हते. जूनमध्ये मृगबाग लावली होती, ग्रँड नैन जातीच्या केळीची टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, एकूण एक विकतची. श्रावणात आभाळ सारखं भरलेलं, पाऊस येऊन-जाऊन. कोवळ्या पानांवर पिवळट पट्टे दिसायला लागले. शेजारच्या भाऊंनी लांबूनच सांगितलं, "हरण्या." कागदोपत्री त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. मावा नावाची बारीक कीड तो झाडाझाडांवर नेते. लागलेलं झाड बरं करणारं औषध नाही. उपटायचं आणि गाडायचं.

मी उपटलं नाही. पंधरा दिवस फवारण्या केल्या आणि नर्सरीवाल्याला, आभाळाला, नवऱ्याला, कुलदैवतालासुद्धा बोल लावले. माझ्याच नशिबी का, हे म्हणत बसण्यात एक सोय असते: आपल्याला काहीच करावं लागत नाही. तेवढ्यात दहा-बारा झाडांची शंभरावर झाली.

सासूबाई बांधावर आल्या, एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "झाडाले वाईट वाटीन म्हनून थांबली का वं?"

त्या दिवशी उपटायला घेतलं. उपटता उपटता लक्षात आलं की रोग जिथे जास्त, तिथे दोन ओळींमध्ये माझी काकडी आहे. वरखर्चाला चार पैसे सुटतील म्हणून मीच लावलेली. हा विषाणू काकडीवरही राहतो. केळीत काकडी, टोमॅटो घेऊ नका असं तज्ज्ञ दरवर्षी सांगतात. मी ऐकलेलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. सगळा रोग काकडीमुळेच आला असं मी म्हणत नाही. पण माझा वाटा त्यात होता.

आधी लाज वाटली. मग, खरं सांगते, हलकं वाटलं. आभाळ माझ्या सांगण्यानं बदलणार नव्हतं. काकडी न लावणं मला जमण्यासारखं होतं. तुम्ही ज्याला माझा दृष्टिकोन म्हणता तो एवढाच: नुकसान झालं की त्यातली माझी काकडी कोणती, हे आधी शोधायचं.

तोवर बागेचा हिशेब नवऱ्याचा, माझी फक्त सही. पुढच्या लागवडीपासून मी दर चार दिवसांनी ओळी फिरू लागले, पानं उलटून मावा बघू लागले. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात जाऊन प्रश्न विचारून आले. पहिला प्रश्न विचारताना आवाज फुटत नव्हता. आता घरातले म्हणतात, हिला कोणी गप्प करा.

हे सगळीकडे लागू पडत नाही. दोन वर्षांनी मे महिन्याच्या वादळात कापणीला आलेल्या घडांसकट झाडं आडवी झाली. त्यात माझी काकडी कुठेच सापडली नाही. तेव्हा बांधावर बसून रडले आणि कोणी 'सकारात्मक राहा' म्हटलं तर त्याला हाकललं असतं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला विचार बदलायला सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. त्याला आधी पीकविम्याचा अर्ज भरायला मदत करा. वाऱ्याच्या अंगाला, वारा अडवायला, उंच गजराज गवत लावलं ते नंतर, डोळे कोरडे झाल्यावर.

यंदाच्या मृगबागेत आतापर्यंत हरण्याची सात झाडं निघाली. पहिली सहा दिसल्याबरोबर उपटली. सातवं चांगलं गुडघाभर झालं होतं, पट्टाही एकाच पानावर. त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. सासूबाई आता बांधापर्यंत येत नाहीत. शेवटी मीच म्हटलं, "वाईट वाटीन का वं त्याले?" आणि ओढलं.