कांदळ गायब नव्हता, तळाला बसला होता

ठाण्याच्या खाडीकाठच्या ऐरोलीत पायलिंगमधून (पायाच्या खांबांसाठीच्या खोदकामातून) मिळालेल्या काळ्या चिकणमातीचे कोडे अखेर सुटले, मात्र हिमयुगाचा थर हाती लागल्याची आशा त्यासोबतच मावळली. त्या मातीत गवताचे पराग भरपूर आणि कांदळाचे, म्हणजे खारफुटीच्या झाडाचे, जवळजवळ नाहीतच, असे चित्र मागील नोंदीत मांडले होते. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि ठाण्याच्या खाडीत भरतीचे पाणी येतच नव्हते. त्यामुळे खारफुटीविना गवताळ प्रदेश हा अर्थ फारच मोहात पाडणारा होता.

धुताना किंवा चाळताना पराग वाहून जात असावेत, असे म्हणावे तर गळती मोजण्यासाठी नमुन्यात मुद्दाम घातलेल्या लायकोपोडियम वनस्पतीच्या गोळीतील बीजाणू जवळपास पुरेपूर परत मिळत होते. शेवटी, पराग तरंगवून वेगळे काढण्यासाठी वापरायच्या झिंक क्लोराइडच्या जड द्रावणाखाली बसणारा आणि एरवी टाकून दिला जाणारा गाळच स्लाइडवर घेतला. चारशेपट वर्धनाखाली कांदळाचे जेमतेम 20 मायक्रॉनचे पराग दिसले आणि बहुतेकांच्या पोटात तुतीच्या फळासारखे दाणेदार काळे गोळे होते. ते पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज! त्याची घनता 5 च्या आसपास आणि द्रावणाची 2, तेव्हा असे भरलेले पराग तरंगणार कसे? लायकोपोडियमचे बीजाणू मात्र ताजे आणि रिकामे असल्याने त्यांनी या गळतीचा सुगावाच लागू दिला नाही.

त्याहून मोलाची गोष्ट अशी, की प्राणवायूविरहित चिखलातील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि त्याचा लोहाशी संयोग होऊन पायराइट तयार होते. गोड्या पाण्यात सल्फेट तुटपुंजे असते. म्हणजे कांदळ लपवणारे खनिजच येथे खारे पाणी होते याची साक्ष देते, आणि हा थर हिमयुगाच्या ऐन थंडीतला नव्हे, हे नक्की.

नायट्रिक आम्लाने पायराइट विरघळते, पण जास्त वेळ ठेवल्यास परागांचे कवचही झिजते. शिवाय त्याच्या वाफा फ्लॅटमध्ये सोसणाऱ्या नाहीत. अॅसिटिक अॅनहायड्राइड हे नियंत्रित रसायन असल्याने अॅसिटोलिसिसचा (त्या रसायनाने पराग स्वच्छ करण्याच्या पद्धतीचा) मार्ग हौशी माणसाला तसाही बंदच आहे. म्हणून यापुढे अर्धा नमुना जड द्रावणात न घालता 10 मायक्रॉनच्या नायलॉन जाळीतूनच चाळायचा, असे ठरवले आहे. स्क्रीन प्रिंटिंगची स्वस्त जाळी वरच्या जाडसर चाळणीपुरतीच ठीक; बारीक कामासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

रॉकेलवर तरंगवलेल्या कीटक-अवशेषांत एका भुंगेऱ्याच्या कठीण पंखाचा तुकडा मिळाला असून त्यावरील ठिपक्यांच्या रांगा अजून स्पष्ट आहेत आणि हिरवट झाकही टिकून आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रसेल कूप यांनी ब्रिटनमधील भुंगेऱ्यांवरून हिमयुगातील तापमान काढले, पण त्यासाठी आजच्या प्रजातींच्या प्रसाराची तपशीलवार माहिती लागते, त्यामुळे हा तुकडा तूर्त डबीतच राहील.

हे लिहिताना सुचले, की परागांआधी डायटमच (सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्म शैवाल) पाहिले तर खारे की गोडे, याचा निकाल एका बैठकीत लागेल. पराग वेगळे करताना वापरले जाणारे कॉस्टिक पोटॅश त्यांची सिलिका खाते, म्हणून पुढच्या नमुन्याची पहिली स्लाइड कच्च्या मातीचीच करायची.